शास्त्रीय कारणे द्या

फळ्यावर मी लिहिलं, इंग्रजीत,
पण हाताला वळण अजून इस्लामपूरचं,
शेवटचं अक्षर रेघेखाली घसरतंच:
ऊर्जा निर्माण होत नाही, नष्ट होत नाही,
फक्त रूप बदलते.

तीन गुणांचं वाक्य. मी ते घोकलं होतं,
अर्थ पुढे कधीतरी येईल या बोलीवर.

ॲशिंग्टन. पाचवीचा वर्ग. सव्वीस मुलं.
बाहेर फेब्रुवारीतला बुधवार, पावसाला आडवं ढकलणारा वारा,
आणि लांब, बंद खाणीचं लोखंडी चाक,
आता फक्त सहलींना दाखवायला उरलेलं.

प्रत्येकाला एक जॅमची बरणी दिली,
आत दोनशे ग्रॅम वाळू,
न्यूबिगिनच्या किनाऱ्यावरून मीच पिशवीतून आणलेली,
बाहेरून जुना लोकरी मोजा.
हलवा म्हटलं. पाच मिनिटं. थांबायचं नाही.

वर्गाचा खुळखुळा झाला.
एल्सी चार्ल्टन लालबुंद,
एक बरणी टेबलाखाली गेली, तिच्यामागे दोन मुलं.

मग थर्मामीटर. एक अंश वर.
कुणी म्हणालं दीड, त्याला कुणी खोटारडा म्हणालं.
मी सांगत गेले:
सकाळचा पॉरिज तुमच्या दंडात,
दंडातून वाळूत, वाळूतून या लाल रेघेत.
आणि पॉरिज? ओटच्या शेतातून.
आणि शेत?
"म्हणजे मिस, बरणीत ऊन आहे?"
हो म्हणाले, आणि माझी मीच दचकले.

कीरन डॉड्सचा हात वर.
सहसा नसतो. तो वर्गातही कोट काढत नाही,
मी विचारणं सोडलंय.
"संपत नाही ना, मिस?
मग आमची गुरुवारी का संपते?"

मीटर. जिन्याखालचा, किल्लीवर चालणारा.
कोपऱ्यावरच्या दुकानात दहा पौंड भरले की जागा होतो,
वरचे उसने पाच संपले
की टक् करून झोपतो.
ते टक् ऐकून नऊ-दहा माना हलल्या,
एरवी भागाकाराला न हलणाऱ्या.

शास्त्रीय कारणे द्या, बाई.

मी म्हटलं, संपत नाही रे, पांगते.
काचेतून, दाराखालच्या फटीतून, बाहेर,
आणि पांगलेली पुन्हा गोळा करता येत नाही.
तो थोडा वेळ गप्प.
"म्हणजे आम्ही रस्ता गरम करतो," म्हणाला.
"पैसे आमचे."
हे उत्तर कुठल्याच गाईडमध्ये नव्हतं.
पूर्ण गुण द्यावे लागले असते.

"मग आईचा एक कप चहा व्हायला
बरणी किती वेळ हलवायची?"

भूगोलाचा तास त्यातच गेला.
पाणी अडीचशे ग्रॅम, नळाचं, दहा अंशांवरचं.
वाळूचा एक अंश, पाच मिनिटं.
गुणाकार फळ्याच्या कडेपर्यंत गेला, वळून खाली आला.
एकोणपन्नास तास.
दोन दिवस, दोन रात्री, हात न थांबवता,
वर आणखी एक तास.

वर्ग खो-खो हसला. कोणीतरी हात गळाल्याचं सोंग केलं.
कीरन हसला नाही.
तो कोटाच्या बाहीवर, पेननं,
एकोणपन्नासला सव्वीसनं भागत होता.

"सगळ्यांनी हलवलं तर
एक तास त्रेपन्न मिनिटं."
एल्सी म्हणाली, आणि मिसनं पण हलवलं तर?
त्यानं पुन्हा भागलं.
"चार मिनिटं कमी."

ही माझी भर.
एवढ्या डिग्र्या, दोन देश, एक फळा:
चार मिनिटं.

घंटा झाली. डबे, मफलर, ढकलाढकली.
मी बरण्या गोळा करत होते, मोजे अजून कोमट,
का मला तसं वाटत होतं.
दारात तो थांबला, वारा आत येऊ देत.
"मिस," म्हणाला,
"आपण गळती धरलीच नाही."