मावळतीचं कलम

ऑस्टिनच्या विधानभवनात, जमिनीखाली दोन मजले,
जिथे एकही खिडकी नाही,
तिथे भरते सूर्यास्त समिती.
नाव ऐकून पहिल्या दिवशी मी हसले होते.
एकोणीस वर्षं झाली त्याला.
माझ्या हाताशी तीन दिव्यांचं घड्याळ,
हिरवा, पिवळा, लाल.
माणशी तीन मिनिटं.

कायदा सरळ आहे. प्रत्येक मंडळ,
परिचारिकांचं, चष्मेवाल्यांचं, पायाच्या डॉक्टरांचं,
एका तपाने मावळतं
आपोआप,
कुणी उठून ‘राहू दे’ म्हटलं नाही तर.
माझ्या लग्नाला असं कलम असतं
तर अकराव्या वर्षीच मी साक्षीदार गोळा केले असते,
दोन्ही बाजूंचे.

आज दंतवैद्यांचं मंडळ.
संचालक लाइल ग्रोश्के नवा कोट घालून आलेत,
बाहीखाली किमतीची चिठ्ठी तशीच.
तक्रारी अकराशे, तपासनीस चार,
जिल्हे दोनशे चोपन्न.
“एका तक्रारीला सरासरी किती दिवस?”
ग्रोश्के पाणी पितात.
“सरासरी म्हणजे नेमकं काय, यावर अवलंबून आहे, सर.”
त्यांना मी दिवे लावत नाही.
बोलावून आणलेल्यांना घड्याळ नसतं,
घड्याळ जनतेला.

मग संघटनेचा वकील, गुळगुळीत,
मंडळच नको म्हणणारा.
बाजार ओळखतो म्हणे वाईट हात.

क्रमांक सव्वीस. ओथा मे टिलरी.
लफकिनहून पहाटे तीनला निघालेली,
शाळेची बस चालवते.
भाऊ रूफस अक्कलदाढ काढायला गेला
आणि खुर्ची मागे झुकली ती झुकलीच.
त्या दवाखान्याच्या पाटीवर
दात अजून हसतोय, ती म्हणाली, रंगही नवा दिलाय.
पर्समधून तिनं सात पत्रं काढली,
सातांवर एकच वाक्य:
आपली तक्रार विचाराधीन आहे.
खाली सही. रबराची.

आम्हाला वाटलं, आता म्हणेल, मोडा हे मंडळ.
“मोडू नका,” ती म्हणाली.
“मोडलंत तर माझी फाइल कुठे जाईल?”

पिवळा.

“तुमचा कायदा वाचला मी,
मुलं सुटायची वाट बघताना, स्टिअरिंगवर ठेवून.
त्यात आहे, मंडळ चौकशी करू शकेल.
माझ्या नियमपुस्तकात असं नाही लिहिलेलं
की रेल्वे फाटकापाशी चालक बस थांबवू शकेल.
थांबवील, असं लिहिलंय.
रूळ रिकामे दिसले तरी.”

लाल दिव्याकडे माझं बोट जरा उशिरा पोचलं.
नोंदीत आहे: तीन मिनिटं, चार सेकंद.
एकोणीस वर्षांतले एवढेच चार.

संध्याकाळी मतदान.
दुरुस्ती सुचवली प्रतिनिधी डब यान्सींनी,
जे दुपारभर हनुवटी टेकून झोपलेत
असं मला वाटत होतं.
मीच टाइप केली:
‘करू शकेल’ हे शब्द वगळून ‘करील’ हा शब्द घालावा.
आठ विरुद्ध चार.
मंडळ आणखी एक तप जगेल,
अर्थात वर दोन्ही सभागृहं आणि राज्यपालांची सही आहेच.
आणि दुरुस्ती पुढच्या तक्रारींना लागू,
मागच्या नाही.
हे मीच सांगितलं तिला, दारात.
“माहितीय,” ती म्हणाली, “तेही वाचलं होतं.”

वर आलो तर सूर्य केव्हाच गेलेला,
ओकच्या झाडांत काळ्या ग्रॅकलांचा नुसता कालवा.
तिच्या गाडीच्या काचेवर पार्किंगचा कागद.
दिव्याखाली धरून तिनं तो दोनदा वाचला,
मग माझ्यापुढे केला:
दंड तीस दिवसांत भरावा लागेल.
“बघा,” ती म्हणाली,
“लिहिता येतं की यांना.”