दाब

टाकी आमच्या डोक्यावरच आहे,
म्हणून आम्हाला पाणी नाही.
हे पाहुण्यांना समजावता समजावता मी कंटाळले.
तळमजल्यावर तांडेलांकडे नळ सोडला की बादली उडते,
आणि इथे, कोपरखैरणेत, सातव्या मजल्यावर,
गरम पाण्याची धार
सुईत ओवता येईल एवढी.

अण्णा स्टुलावर बसून राहतात.
अर्धं अंग ऐकत नाही, उरलेलं अर्धं कुडकुडतं.
दुसरा तांब्या भरेपर्यंत
पहिला अंगावरच वाळलेला असतो.
पावण्याच्या कंपनीत एकतीस वर्षं
बॉयलर सांभाळलेला माणूस.

पंप आणला. खोक्यावर एक बाई शॉवरखाली हसत उभी.
घणसोलीहून हरेश्वर मढवी आला,
सोबत कानावर पेन्सिल खोचलेला पोरगा.
मढवीने खोकं उघडलंच नाही.
आधी बोर्डाचं झाकण काढलं, टेस्ट लॅम्प लावला
फेज आणि अर्थिंगच्या मध्ये.
बल्ब लागला नाही.
"ताई, हे तिसरं भोक नुसतं शोभेचं आहे."
आणि चहा न घेता निघून गेला.

तीन दिवस वायरमनचे.
अर्थिंग खालपासून वर आलं, ईएलसीबी बसला,
त्याचं बटण त्याने मलाच दाबायला लावलं:
खटका पडला,
फ्रिज बोलता बोलता गप्प झाला.

मग मढवी.
गीझरचा खटका खाली, त्यावर चिकटपट्टी,
चिकटपट्टीवर पेन्सिलीने 'हात लावू नये'.
टाकीचा कॉक बंद.
गीझर निवेपर्यंत तो ड्राय बाल्कनीत उकिडवा बसून
मुलीच्या नर्सिंगच्या फीबद्दल बोलत राहिला.
थोडी घाई केली तर काय बिघडेल, मी म्हटलं.
त्याने उजवं मनगट पुढे केलं.
तिथली कातडी गुळगुळीत, गुलाबी, बिनकेसांची.

पंप थंड पाण्याच्या बाजूला, गीझरच्या आधी.
"हा गरम बाजूला लावला तर सील शिजतं."
बाण बघून. पायाखाली रबर.
दोन्ही टोकांना युनियन, उद्या उघडायची वेळ आली तर.
न्हाणीघराबाहेर, शिंतोडा पोचणार नाही अशा उंचीवर.
टेफ्लॉन गुंडाळताना तो पुटपुटत फेरे मोजत होता,
माझी आत्या वाती वळताना मोजायची तसा.
नळ उघडे ठेवून आधी हवा जाऊ दिली:
पाइप खोकला, थुंकला,
काहीतरी गढूळ बोलला,
मग सरळ झाला.

धार आली. पोराने शिट्टी मारली.

गीझर तापायला लागला तसं
सेफ्टी व्हॉल्व्हमधून टप्.
थांबून, टप्.
"हे गळतंय की, मामा," पोरगा म्हणाला,
आणि खिशातून प्लग काढला.

पॅसेजमध्ये काठी आपटली.
अण्णांकडे आता अकरा-बारा शब्द उरलेत,
त्यातले निम्मे चहाबद्दल.
ते भिंत धरत आले. ओठ एका बाजूला ओढत
एक शब्द शोधला, तो नव्हता,
दुसरा उचलला, तोही नव्हता,
आणि मग:
"गळू दे."

मढवीने पोराच्या हातातून प्लग घेतला.
"बरोबर, काका. तापलं की पाणी फुगतं,
आणि मागे जायला वाट नाही, मी झडप टाकलीय.
याचं तोंड बंद केलं
तर गीझर भिंत घेऊन निघेल."
काका कोण होते ते मी सांगितलं नाही.
त्यानेही विचारलं नाही. फक्त
व्हॉल्व्हची कळ एकदा वर करून अण्णांना दाखवली,
पाळी बदलताना
एक कामगार दुसऱ्याला दाखवतो तशी.

आता तिथून एक बारीक नळी सोडलीय, खालच्या जाळीपर्यंत.
सकाळी आधी थंड, वरून गरम, कोपराने अंदाज घेते,
बादली मिनिटभरातही भरते.
मी सवयीने घाईतच तांब्या उचलते.
अण्णा चांगला हात वर करतात: थांब.
जाळीवर थेंब पडतो.
ते मान हलवतात.
आता घाल.