महमसा

वादी कबीरला, रेडिएटरवाला आणि टायरवाला
यांच्या मधला अकरा नंबरचा गाळा.
भाडं तीन महिन्यांचं आगाऊ.
अबू लैथनं विकलेलं एक किलोचं यंत्र,
म्हणाला, दोनदाच वापरलंय.
आत कुणाच्या तरी वर्षभराचा धूर बसलेला.
चार शुक्रवार मी तो घासून काढला,
एका अनोळखी माणसाचं बुडालेलं दुकान
नखांत घेऊन खोलीवर गेलो.

पहिला घाणा कोळसा.
दुसरा बाहेरून तपकिरी, आतून गवत.
तिसऱ्याच्या वेळी फोन घेतला. तेवढंच झालं.
हरारचं पोतं उतरत गेलं, वही भरत गेली :
मिनिट, तापमान, वास.
वासाच्या रकान्यात आधी नुसतं ‘बरा’ लिहायचो.
मग ‘ओलं गोणपाट’. मग ‘कडबा’.
मग एकदा ‘भाजलेला चिंचोका’ असं लिहिलं
आणि उठून दाराशी जाऊन उभा राहिलो.
चिंचोका शेवटचा कधी खाल्ला होता?

जुलैत हवाच पाणी होते.
कच्चे दाणे रात्रीतून ती पितात,
सकाळी काट्यावर फुकटचं वजन.
काटा फसतो, आच नाही फसत.
म्हणून पहाटे साडेतीनला, अजानीच्या आधी,
शटर अर्धं वर.
बाहेर अडतीस. आतलं विचारू नका.

हिरवा, मग पिवळा, मग मारी बिस्किटाचा रंग.
पंखा बारीक करायचा आणि गप्प बसायचं.
एक फुटतो, एकटाच, चुकून फुटल्यासारखा.
मग दोन.
मग ज्वारीच्या लाह्या.
त्या आवाजाला शिकवणारे काही वेगळं म्हणतात.
मी लाही म्हणतो.

रेडिएटरवाल्या नासरनं उभ्या उभ्या एक घोट घेतला,
म्हणाला, थोडं आधी काढ,
वेलची यायची आहे, तिला जागा ठेव.
निजव्याला त्याच्या आईकडे पाकीट पाठवलं, शंभर ग्रॅमचं.
निरोप नाही आला.
पाकीटच परत आलं, धुऊन वाळवलेलं,
आत सात खजूर.

बलदियाच्या कारकुनानं परवान्यावर लिहिलं : महमसा.
मी विचारलं, म्हणजे काय?
त्यानं हवेत कढई धरली आणि झारा फिरवला.

हे नानांना कसं सांगायचं?
बार्शीला आजोबांची भट्टी होती, भडभुंजाची,
नाना शाळेत गेले ते तिच्या धुरातून सुटायला.
जिल्हा परिषदेत चिकटले, भट्टी बुजवली,
वर शिलाईचं मशीन ठेवलं.
आम्हाला कधी चुरमुरे विकत आणू दिले नाहीत.
मी फोनवर म्हटलं, कंपनी सोडली. कॉफी भाजून विकतो.
तिकडे कुकरची एक शिट्टी. मग दुसरी.
मग : वाळू कुठली वापरतोस?
वाळू नाही नाना, पिंप असतं, फिरतं.
मग आच सारखी कशी लागते?
मी सांगत राहिलो, ते ‘हं’ म्हणत राहिले,
आणि मधेच तोडून म्हणाले,
सगळे फुटायची वाट बघतोस ना? बघू नकोस.
काढल्यावरही दाणा भाजत असतो,
तो गरम आहे हे विसरतो आपण.
एवढं बोलून फोन आईकडे दिला.
आई म्हणाली, काय विचारलंस रे, हातवारे करतायत.

पहिल्या महिन्यात अकरा पाकिटं गेली.
दोघांचे पैसे यायचेत.
साल उडून टायरांवर बसते,
टायरवाला रोज फडक्यानं पुसतो आणि रोज बोलतो,
मल्याळीत, त्यामुळे मला अर्धंच लागतं.

घाणा त्रेसष्ट. वीस सेकंद आधी काढला.
चाळणीवर उलथला, हात वरून फिरवला,
चटका बसला तरी काढला नाही लगेच.
वासाचा रकाना मोकळाच राहिला.
टायरवाला शटरखालून वाकला :
आज काही जळलं नाही का?