रबर

बायबलच्या मागच्या भागाला रबर लावून
रहमीम झिराडकर स्तोत्रं वाचतो.
त्याचं स्वतःचं पुस्तक
बॅगेसकट कुठल्याशा विमानतळावर राहिलं,
आणि हिद्दच्या कॅम्पात मराठी स्तोत्रं
फक्त माझ्या उशीखाली.

"दे," म्हणाला, "पण मलाखीपर्यंतच."
पुढच्या पानांना त्याने
मेथीच्या जुडीचा निळा रबर चढवला,
दोनदा पीळ देऊन.
मत्तय, मार्क, लूक, योहान,
निर्मळच्या माझ्या आईचा अख्खा जन्म
त्या पिळाच्या आत.
मी काही बोललो नाही.

वाचताना तो डोक्यावर गोदीतलं पिवळं हेल्मेट घालतो,
टोपी त्याच बॅगेत होती.
मी गुडघे टेकण्याआधी
डोक्यावरचं सगळं काढतो.
वरच्या खाटेवरून टेकनाथ विचारतो,
तुमचा साहेब एकच ना?
मग एकाला टोपी सक्तीची, एकाला मनाई, हे कसं?

इथे सुट्टी शुक्रवारी,
म्हणून माझा रविवार शुक्रवारी येतो,
बसने मनामाला,
मल्याळममधल्या मिस्सात मी ओठ हलवत राहतो.
त्याचा शनिवार मात्र शनिवारीच.
ओव्हरटाइम लागला की त्याची पाठ धरते.
आजोबांचा तेलाचा घाणा
शनवारी फिरत नसे,
एवढंच त्याचं शास्त्र,
आणि ते त्याला पुरतं.

एकदा जहाजाच्या पोटात,
वेल्डिंगची काच कपाळावर सारून तो म्हणाला,
"तुझा देव जन्मला.
जन्मतो तो देव कसा?"
मी म्हटलं, "आणि तुझा?
एवढी वर्षं एकटा बसून काय करतो?"
तीन दिवस आमची डाळ वेगळी शिजली.
चौथ्या दिवशी माझं मीठ संपलं.

तीन महिने पगार नव्हता.
तो भिंतीकडे तोंड करून म्हणायचा, अब्राहामाच्या देवा.
मीही म्हणायचो, अब्राहामाच्या देवा,
आणि शेवटी हळूच
एक नाव जोडायचो, त्याला ऐकू जाणार नाही असं.
पगार आला.
त्याचा, माझा, एकाच दुपारी.
टेकनाथचाही आला,
ज्याने कुणाकडेच काही मागितलं नव्हतं.
पुरावा म्हणून हे कुठे चालणार नाही.

त्या रात्री त्याने मलिदा केला.
पोहे, गूळ, डब्यातलं सुकं खोबरं,
वर बहरीनचा खजूर,
एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन.
मी म्हटलं, हा अग्निरथातून जातो तो ना,
आमच्याकडेही जातो.
त्याने पहिली मूठ माझ्या ताटलीत टाकली.
"पास्कोल," म्हणाला,
"तुझ्या नावात आमचा वल्हांडण आहे, ठाऊक आहे?"
नव्हतं.
एक्केचाळीस वर्षं मी ते नाव
हजेरीपटावर सही करत फिरलो.

ऑगस्टात एसी बंद पडला
आणि रबर पानांना चिकटून वितळला.
ओढला तसा तुटला.
पुस्तक आपोआप उघडलं ते
मत्तयाच्या पहिल्याच पानावर.
नुसती नावं.
अब्राहाम, इसहाक, याकोब,
बवाज, ओबेद, इशाय.
"ही तर आमचीच माणसं," तो पुटपुटला,
लग्नपत्रिकेत गाववाले शोधावेत
तसं बोट फिरवत खाली गेला,
योसेफपाशी आला,
आणि तिथे बोट ठेवून थांबला.

बराच वेळ पंख्याचा आवाज.
मग पुस्तक मिटून म्हणाला,
"उद्या मेथी आण. रबरवाली."

आणली.
या खेपेला रबर मीच चढवला,
दोनदा पीळ देऊन,
एक पान सोडून.
तो हेल्मेटखालून बघत होता.