अधिकारांविषयी नानांचे प्रश्न

रामबागेत नर्मदा एक दिवसाआड येते.
आज आली. पिंप भरता भरता नानांनी विचारलं,
"मग तुझ्या हातात नेमकं असतं तरी काय?"

चढता येतं, नाना.
दोराच्या शिडीनं, लाट वर आली की झेप घेऊन.
ओळखपत्र दाखवायचं, कप्तानाची नोंदवही मागायची,
उणे तिसात शीतकोठीत उतरायचं,
जाळ्याच्या भोकात पाचर घालून बघायचं
केवढं पिल्लू निसटू शकेल.
मुशीचे पर मोजायचे, मग मुशी.
आकडे जुळत नाहीत.

"मग जप्ती?"
नाही.
"अटक?"
तो समुद्र कुणाचाच नाही, नाना,
आणि बोटीची फळी न् फळी कुणाची तरी.
मी लिहायचं, फोटो काढायचे,
वर ज्याचा झेंडा, त्या देशाला कळवायचं
की बघा बुवा.
माझं नाव वैजयंती ठेवलंत ना तुम्ही?
काढा आता अर्थ.

नाना हसले नाहीत.
एकतीस वर्षं वजनमापांचे इन्स्पेक्टर.
त्यांची सायकल सियागंजात वळली
की तराजू आपोआप सरळ व्हायचे म्हणे.

मग त्या पोराचं सांगितलं.
सतराचा असेल. शीतकोठीच्या दाराशी
हातमोज्यातून चिठ्ठी सरकवली माझ्या मुठीत.
एक फोन नंबर, खाली एक शब्द.
आई, हे मला पुढे कुणीतरी वाचून सांगितलं.
फॉर्मवर माशांना बावीस रकाने,
माणसांना एकच: एकूण संख्या.
मी एकोणीस लिहिलं
आणि शिडी उतरले.

"नंबर लावलास?"
लावला. एका बाईनं उचलला.
मला तिची भाषा येईना, तिला माझी.
त्याचं नावही विचारलं नव्हतं मी.
तरी नऊ मिनिटं फोन चालू होता.
मागे कोंबडं आरवत होतं तिच्याकडे.

नळ गुरगुरून थांबला.
नाना आत गेले, लोखंडी कपाट करकरलं,
आणि अर्ध्या किलोचं एक वजन घेऊन आले,
बूड पोखरून लाखेनं बुजवलेलं.
"केस उभीच राहू दिली नाही. वरून चिठ्ठी आली.
हे मात्र मी परत दिलं नाही.
तसा अधिकार नव्हता मला."

मी तळहातावर तोललं.
नव्वद ग्रॅम कमी, म्हटलं.

"पंच्याऐंशी," नाना म्हणाले,
आणि पिंपावर झाकण ठेवलं.