सोमवारपर्यंत सांगा

तेलमिल बंद झाली, तेव्हा शेठने
यांना दोन गावं दिली निवडायला.
सुरत नाहीतर इंदूर.
पगार तोच, गोडाऊनही तसंच.
सोमवारपर्यंत सांगा, म्हणाले,
आणि चहा मागवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

धुळ्यात राहून रस्ते काही नवे नाहीत.
चौफुलीवर उभं राहिलं की
एक पाटी शिरपूरवरून घाट चढून इंदूरला जाते,
एक साक्री, नवापूर करत सुरतेला,
आणि आपण रसाचा ग्लास हातात धरून
दुसऱ्यांच्या ट्रकांचे नंबर वाचतो.
एमपी, जीजे, जीजे, एमपी.
आता यातलं एक आमच्या दारात लागणार.

यांनी कॅलेंडरच्या मागे रकाने आखले.
भाडं. पाणी. पूर्वाची शाळा.
दवाखाना किती लांब.
प्रत्येकाला दहापैकी मार्क.
मी पोळ्या लाटत बघत होते.

हिलालआप्पा खाटेवरून म्हणाले,
सुरतले जा बेटा, आपलीच तापी शे तठे.
खरंच आहे. देवपुरातून पांझरा निघते,
मुडावदला तापीत शिरते, पुढे सुरत.
मी म्हटलं, आप्पा, म्हणजे आपलंच उष्टं पाणी
प्यायला एवढ्या लांब जायचं?
आप्पा इतके हसले की ठसका लागला.
मग पाणी मीच दिलं.

उधन्याला भटूभाऊजी आहेत.
अख्खी गल्ली आपली, फोनवर सांगतात,
कानबाई बसते, रोट होतात,
शेवभाजीला मिरची दोंडाईचाचीच.
तेच तर.
तिथे रात्री अकराला दिवा दिसला
तर सकाळी आठला अमळनेरला फोन.
तिथेही मी हिलालआप्पांची सून,
फक्त घरभाडं जास्त.

इंदूरला मी एकदाच गेले, कुणाच्या तरी लग्नाला.
कार्यालयाबाहेर उभी होते,
एक बाई स्कूटर थांबवून म्हणाली,
दीदी, पाटनीपुरा किधर से?
मला तिथलीच समजली.
मी हात केला. डावीकडे.
बिचारी कुठे पोचली देव जाणे,
पण तेवढ्या दोन मिनिटांत
मी कुणाची कुणीच नव्हते.
हे कोणत्या रकान्यात लिहायचं?

आणि माझी वही.
साडेतीनशे बायकांची मापं तिच्यात.
छाती, कंबर, मुंढा, पाठीचा गळा.
कुणाचा डावा खांदा उतरलेला,
कुणी माप देताना श्वास ओढून धरतं
(मी गुपचूप एक इंच वाढवते),
कोण ऑपरेशननंतर एका बाजूला कापूस भरून घेते
आणि ते मला सोडून कुणाला माहीत नाही.
ही वही दोन्ही गावांत रद्दी.

रविवारी रात्री यांनी बेरीज केली.
सुरत दोन मार्कांनी पुढे.
पेन्सिल कानावर ठेवून म्हणाले, तू बोल.
पूर्वा झोपल्याचं सोंग करत होती, तिचे पाय हलत होते.
मी म्हटलं, इंदूर.
कारण तयार ठेवलं होतं, पाणी गोड आहे वगैरे.
यांनी विचारलंच नाही.
बेरीजही परत केली नाही.
कॅलेंडर सरळ करून खिळ्याला लावलं.

आज शेवटची शिवणकामं.
निंबाताईचं हिरवं ब्लाऊज, भाचीच्या हळदीसाठी.
तिचं अंग पावसाळ्यानंतर भरतं, दर वर्षी,
दिवाळीत येते, म्हणते, जरा उसव गं.
या दिवाळीत तिने कुणाला म्हणायचं?
मशीन थांबवली.
दोन्ही बाजूंच्या शिवणीत
रोजच्यापेक्षा दोन बोटं माया जास्त ठेवली.
बाहेरून काही दिसत नाही.
तिला सांगितलंही नाही,
पैसे घेतले, सुटे नव्हते तिच्याकडे,
वीस रुपये राहिले.