शिवण

रे रोडला, लाकडाच्या वखारींमागे
रुझार मेस्त्रींचं दुकान आहे. पाटी नाही.
आत गेलं की आधी शिंक येते, मग नमस्कार.

गिटार त्यांच्या बाकावर ठेवली.
अकरा वर्षांची, अख्खी शिसवी.
म्हटलं, आवाज हाच हवा,
खांदा तेवढा सोडवा.

ते हसले नाहीत. काटा आणला,
भंगारवाल्याकडे असतो तसला, हुकाचा.
गिटार टांगली आणि आकडा मलाच वाचायला लावला.
सव्वापाच.
"एवढं पोर कडेवर घेऊन तू
तीन-तीन तास उभी राहतेस?"

राहते. साखरपुड्यांना, साठीशांतींना,
बँकेच्या वर्धापनदिनाला, जिथे पहिल्या रांगेत
फक्त मॅनेजर आणि त्यांची सासू.
डावा खांदा बोटभर खाली आलाय.
डॉक्टरच्या आधी शिंपीणबाईंनी सांगितलं,
ब्लाउजचं माप घेताना,
टाचण्या दातांत धरून.

मग फळ्या निघाल्या.
मेस्त्री एकेक कानाशी धरत,
बोटाच्या पेराने ठोकत.
साग बोलला घोगरा, तेल प्यायल्यासारखा.
तुणीची फळी गोल बोलली,
मिरजेच्या तंबोऱ्यांच्या नात्यातली ना ती.
आंबा गप्प. जन्मभर पेट्या झालेला.
मग एक फिकट फळी, पावाच्या आतल्या रंगाची.
ठोकली, तर जरा थांबून उत्तर दिलं तिने,
आधी प्रश्न समजून घेतल्यासारखं.
"शिवण," मेस्त्री म्हणाले.
मला शिंपीणबाईच आठवल्या.

कोपऱ्यात अझीम डाग देत बसला होता,
वर न बघता म्हणाला,
"उगाच ठोकताय. आवाज चुंबकात असतो.
वर तार, खाली चुंबक,
त्याच्याभोवती तांब्याचे हजारो वेढे, संपलं.
लाकूड कसलं, दरवाजाला तारा लावा, वाजेल."
"लावल्या होत्यास की गेल्या मे महिन्यात,
संडासाच्या दरवाजाला," मेस्त्री म्हणाले.
मी विचारलं, वाजला?
"वाजला ना. छान वाजला.
पण दरवाजा पोटाशी कोण धरणार?"

हे अझीमलाही पटलं असावं.
फुंकर मारून त्याने धूर बाजूला केला.

मेस्त्रींनी मला डोळे मिटून उभं केलं.
जुनी गळ्यात. वाजव, म्हणाले, कुठलंही.
कड जिथे फासळीला लागत होती
तिथे माझ्या कुडत्यावर, विचारून,
पेन्सिलीने रेघ ओढली.
दुसरी रेघ दंडावर, कोपराच्या वर,
जिथे अकरा वर्षांचा काळसर वळ होता
आणि मी तो जन्मखूण समजू लागले होते.

दीड महिन्याने नवी आली, तीन किलोच्या आत.
पाठीला खळगी, माझ्याच पोटाच्या मापाची.
तारा त्याच, चुंबक जुनीतलंच काढून बसवलेलं.
वाजवली.
खरं सांगते, खर्ज थोडा उतरला होता.
शिसवीतली ती जाड साय नव्हती.
मी काही बोलले नाही. वाजवत राहिले.

तिसऱ्या तारेवर एक सूर आहे,
तो मी नेहमी अर्ध्यात तोडायचे.
पट्टा सरकवायला लागायचा, खांदा बदलायला.
लोक त्याला माझी ढब म्हणायचे.
एकदोन पोरांनी उचललीसुद्धा.
त्या दिवशी हात तिथे पोचला
आणि पट्टा सरकवायचं काही कारणच नव्हतं.
सूर पुढे गेला.
बाहेर टेम्पोत सागाचे ओंडके चढत होते,
त्यांच्या आवाजाखालून गेला, पलीकडे निघाला.
इतकी वर्षं तो कुठे जायचा होता
मला माहीतच नव्हतं.

"बघ, लाकूड," मेस्त्री म्हणाले.
"बघ, चुंबक," अझीम.
मी श्वास सोडला तेव्हा कळलं
आधी मी तो धरून ठेवत असे.

जुनीचं काय करायचं?
"दोन पोळपाट निघतील, एक नंबरचे."
नको म्हटलं. कपाटावर ठेवलीय.

परवा शिंपीणबाईंनी टेप लावली.
"बाई, अजून बोटभर आहेच."
असू दे.
तसंच शिवा.